जिन्यावरचा संसार

माझ्या धाकट्या भावाला आमची सगळी इमारत 'वकील' म्हणते. कोर्टाची पायरी तो जन्मात चढलेला नाही. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टी सांभाळतो. पण वाद दिसला की हा हातातलं काम टाकून धावलाच म्हणून समजा. लहानपणी मी याला धपाटा घातला, तर रडायच्या आधी हा कारण विचारायचा. मोठी बहीण आहे मी त्याची, मला सगळं ठाऊक आहे.

भावजय शिलाईच्या कारखान्यात दिवसपाळीला. शर्टांना कॉलर लावते. बोलणं अगदी मोजकं, पण ती बोलली की वकिलाची केस तिथेच निकालात निघते. सकाळी तो घरी यायचा तेव्हा ही कामाला निघायची, आणि दोघांची गाठ पडायची जिन्यात. गॅस संपत आलाय, पाणी भरून ठेवलंय, पोरीची वेणी घालून झालीय, असा सगळा संसार दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या उभ्या चालायचा. तुम्हाला भांडायलासुद्धा रविवार उजाडावा लागतो, असं मी चिडवायचे.

त्यांची पोरगी चिंगी पहिलीत. तिच्या शाळेत तापाची साथ आली, अर्धा वर्ग खोकत होता. तेव्हा हेडबाईंनी पालकसभा बोलावली. ताप आलेलं मूल घरीच ठेवायचं आणि ताप उतरल्यावर आणखी एक दिवस पाठवायचं नाही, असा नियम त्यांना करायचा होता. झालं, वकील उठला. मुलाजवळ घरी बसणार कोण, असं त्याने विचारलं. त्याच्या कारखान्यात आजारपणाची रजा आदल्या दिवशी मागावी लागते.

"आता ताप काय आदल्या दिवशी निरोप धाडून येतो?" तो म्हणाला, आणि सभा खो खो हसली.

एक आजोबा सांगत होते, की नातवाचा खोकला लागून त्यांची बायको दवाखान्यात पडली आहे. पण त्यांचं बोलणं टाळ्यांत बुडून गेलं. नियम पुढच्या सभेवर ढकलला गेला. वकील छाती फुगवून घरी आला. भावजय एवढंच म्हणाली, की तुमचं म्हणणं खरं होतं, पण तुम्ही जिंकायला नको होतं.

पुढचं मला नंतर कळलं, पण ते आत्ताच सांगते, म्हणजे गोंधळ नको. थोड्याच दिवसांनी एका पहाटे चिंगीचं अंग तापलं. भावजयीने नुकतीच एक रजा घेतली होती. लागोपाठ दुसरी घेतली की तिकडे मशीन दुसऱ्या बाईला देऊन टाकतात. तिने पोरीला तापाच्या औषधाचा चमचा पाजला आणि ती निघाली. जिन्यात नवऱ्याने विचारलं, चिंगी बरी आहे ना? ही म्हणाली, बरी आहे, जरा किरकिरतेय. खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तूच थांब. आणि वकिलाशी वाद घालायला जिन्यात वेळ होता कुणाला?

हा वर आला तर पोर तापलेली. औषध अजून लागू पडलं नव्हतं. हिला घरी ठेवावं तर आपली झोप होणार नाही, आणि रात्री भट्टीसमोर डुलकी लागली तर हात जायचा, असा याने विचार केला. मग यानेही एक चमचा पाजला, तोही मोठा, लवकर उतरावा म्हणून. औषध गोड, चिंगीने दोन्ही वेळा आ केला. तिला शाळेत सोडून हा आडवा झाला. बायकोला कळवलं तर ती पोरीला आल्या पावली घरी परत आणायला सांगेल, म्हणून त्यानेही तोंड शिवलं. काय म्हणावं या दोघांना?

माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या समोरच आहे. त्या दिवशी सकाळीच चिंगीच्या बाई धावत आल्या. पोर घामाने भिजली होती, उलटी झाली होती, डोळे उघडत नव्हती. आईचा फोन कारखान्याच्या कपाटात, बापाचा उशाशी वाजतोय. गिऱ्हाइकाचे कागद मशीनवर तसेच टाकून मी शटर ओढलं आणि चिंगीला उचलून डॉक्टरांकडे नेलं. औषध काय दिलंय, कधी, किती, असं त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक? मी शेजारणीला फोन करून भावाचं दार बडवायला लावलं आणि शिलाईच्या ऑफिसात निरोप दिला. देवा, हिला काही होऊ देऊ नकोस, एवढंच मनात चाललं होतं.

दवाखाना वरच्या मजल्यावर, तेव्हा दोघांची गाठ तिथेही जिन्यातच पडली. आत आल्यावर डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. भावाने एकदा बायकोकडे पाहिलं. याने आता वकिली केली तर इथेच कानाखाली वाजवायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

"मी दिलं," तो म्हणाला. "चमचाभर. मोठा चमचा."

"मीही दिलं," भावजय म्हणाली. "यांच्या आधी."

डॉक्टर म्हणाले, भांडण नंतर करा, आधी चमचा केवढा ते दाखवा. त्यांनी चिंगीचं वजन केलं, रक्त तपासायला पाठवलं आणि तिला संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलं. तोवर आम्ही तिघं एका बाकावर बसून होतो.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. औषधाने काही इजा केली नव्हती आणि ताप साथीचाच होता. माझ्या जिवात जीव आला. भाऊ भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. इतक्यात चिंगी उठून बसली आणि मला भूक लागली म्हणाली, तेव्हा आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो.

पुढच्या सभेत वकील पुन्हा उठला. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. त्याने दोन चमच्यांची गोष्ट सांगितली, जिन्यातल्या थापेसकट आणि स्वतःच्या लपवाछपवीसकट. एकही टाळी पडली नाही. मग मागून एक आई म्हणाली, की आम्हीही सकाळी औषध पाजूनच पाठवतो. मग आणखी एक बाप बोलला. नियम झाला, आणि पालकांच्या कामाच्या ठिकाणी रजेसाठी विनंती करायचं हेडबाईंनी कबूल केलं. भावाचा मुकादम कुरकुरला, पण आता सकाळी फोन केला तरी ऐकतो. शिलाईवाले अजून ऐकत नाहीत, म्हणून घरी बहुतेक बापच थांबतो.

परवा चिंगीला पुन्हा कणकण आली. मी वर चढत होते, तर जिन्यात दोघांची जुंपलेली. पोरीला ताप आहे, हे दोघंही सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत होते, आणि मीच थांबतो, मीच थांबते, हा वाद. चिंगी दारात पांघरूण गुंडाळून उभी होती.

"चमचा कोण देणार ते आधी ठरवा," ती म्हणाली. "मग मी तोंड उघडते."