महिनाभर ‘चालेल’ म्हणायचं नाही

मंडळी, आज माणिकपूरच्या दुकानात मी चक्क आईला नाही म्हटलं!

ताईच्या लग्नासाठी ड्रेस घ्यायचा होता. आईने नेहमीसारखा गुलाबी काढला. एरवी मी "चालेल" म्हणून मोकळी झाले असते. पण आमच्या कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी मला महिनाभर तो शब्दच बंद केलाय. पहिल्या भेटीत त्यांनी "तुला काय आवडतं?" विचारलं, तर मी त्यांनाही "काहीही चालेल" म्हणाले होते!

धीर करून म्हटलं, "आई, मला गुलाबी नाही आवडत."

आईने हातातला गुलाबी खाली ठेवला. "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तुला आवडतो म्हणून घेत होते. मला तरी कुठे आवडतो!"

पिवळा घेतला. थँक्यू, मॅडम.

तुमच्या घरात असा कोणालाच न आवडणारा गुलाबी कोणता आहे?