दादाची फुंकर

त्या अ‍ॅपचा मला भयंकर राग आहे आणि तो मी गिळणार नाही.

मी विश्रांतवाडीत, थोरला भाऊ हिंजवडीला मुलाकडं. मधलं ट्रॅफिक असं, की भेटायला निघायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. म्हणून भाच्यानं आम्हा दोघांच्या फोनवर चेकर्सचं, म्हणजे सोंगट्यांवरून उड्या मारायच्या खेळाचं, अ‍ॅप घालून दिलं. लहानपणी आम्ही हाच खेळ पुठ्ठ्यावर चौकोन आखून सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांनी खेळायचो. त्याची उलटी, माझी सुलटी. घरचा नियम असा, की समोरचं बूच उडी मारून उचलता येत असताना कुणी चुकलं, तर दुसऱ्यानं त्याच्या बुचावर फुंकर मारायची. बूच गेलं.

दादा हरला की जेवायचा नाही. ताट सरकवून द्यायचा. मग आई मला आत बोलवून सांगायची, "तुला काय फरक पडतोय? जिंकू दे की त्याला." मी उडी दिसूनही न दिसल्यासारखं करायचे. "आंधळी कुठची!" म्हणत तो फुंकर मारायचा आणि दोन पोळ्या जास्त खायचा. पुढं लग्नं झाली, पोरं झाली, आई गेली. दिवाळीला एकत्र जमलो की पुठ्ठा निघायचाच, आणि साठी उलटली तरी मी आपली आंधळीच!

फोनवर पहिल्याच डावात नेहमीसारखी उडी सोडायला गेले, तर दुसरी सोंगटी हलेचना. भाच्याला फोन लावला.

"आत्या, रूल आहे तो. मारता येत असेल तर मारायलाच लागतं."

"लागतं म्हणजे? माझी सोंगटी, माझी मर्जी!"

"अगं, अ‍ॅपला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही तर मध्ये तडमडतं कशाला?"

हरायची दुसरी रीत मला येत नव्हती. वेड्यावाकड्या खेळी केल्या असत्या तर दादानं लगेच ओळखलं असतं. मी मारत गेले. दादा ओळीनं नऊ डाव हरला आणि त्यानं खेळणंच बंद केलं. फोन केला की सूनबाई म्हणायची, "झोपलेत." सकाळी अकराला कोण झोपतं हो?

शेवटी पुठ्ठा आणि बुचं पिशवीत टाकली आणि बस बदलत हिंजवडी गाठली. दादानं बुचं मांडली. पाचव्या खेळीला मला उडी होती. मी भलतंच बूच सरकवलं आणि वाट बघत बसले. त्यानं फुंकर मारली नाही.

"दिसलं होतं तुला," तो म्हणाला. "फोनवर नऊ डाव हरवलंस मला. आंधळं माणूस असं खेळतं? जन्मभर बावळट समजत होतीस होय गं मला?"

कान तापले माझे. "आईनं सांगितलं होतं! हरलास की जेवत नव्हतास तू!"

"दहा वर्षांचा होतो मी तेव्हा! उचल ते बूच."

उचललं. नंतरची एकही उडी सोडली नाही. वीस मिनिटांत हरवला त्याला.

सूनबाईनं ताटं वाढली. मी जीव मुठीत धरून त्याच्या ताटाकडं बघत होते. दादानं आमटी ओरपली, वर आणखी एक भाकरी मागून घेतली आणि मीठ कमी पडलंय म्हणाला.

असा संताप आला मला! हरून जेवत होता की हा. मग मी पन्नास वर्षं कुणासाठी हरत होते?