अकरा काठ्यांची खोली

बाळांनो, ज्या प्रश्नाला उत्तर आहे, त्यात आमच्या शेजारच्या निवृत्त भूगोलाच्या सरांना आजवर कधी गोडी वाटलेली नाही. त्यांचा सारा जीव गंगाखेडजवळच्या त्यांच्या शेतातील एका खोलीवर. बांधाला लागून, चुन्याशिवाय रचलेले काळे दगड, वर दगडांचेच छत, आणि दार इतके बुटके की विद्वानालाही रांगतच आत शिरावे लागते. ती कोणी बांधली, यावर सरांचे मत ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात आत गार वाटते म्हणून ती भिक्षूंची ध्यानाची गुंफा, सुगीत यादवांचे कोठार, थंडीत निजामाच्या नाकेदाराची चौकी. माझ्या एका पाहुण्यांना तर त्यांनी चहाआधी एक आणि चहानंतर दुसराच बांधणारा सांगितला. मोजमाप मात्र कायम स्वतःच्या बाभळीच्या काठीने, आणि नोंद माझ्या वहीत. पहिल्यांदा चारी भिंती मिळून अकरा काठ्या भरल्या, पंधरा वर्षांनी साडेअकरा. सर मोहरून म्हणाले, "वहिनी, दगड वाढतोय." मी शिवणाची टेप आणून काठी मोजली. वहीतल्या जुन्या मापाहून ती दीड इंच झिजली होती. सर काठी उचलून तडक लोहाराकडे गेले. मग काठीला लोखंडी टोपी बसवून आले आणि खोली पुन्हा अकरा काठ्यांची झाली.

शेती आता पुतण्या बघतो. उसाचा ट्रॅक्टर वळवताना खोली आडवी येते.

"काका, दगडं काढू द्या की. लय अडचण व्हायलीय."

"कुणाची आहे ते ठरू दे, मग काढ."

"बरं. ठरल्याबिगर हात लावीत न्हाई. पण तुमी ठरवा एकदाचं."

शब्दाचा पक्का मुलगा. ट्रॅक्टर अजून लांबून वळवतो.

गेल्या फाल्गुनात आम्ही दोघे तिथे असताना मेंढ्या घेऊन चाललेली एक म्हातारी सावलीला टेकली. सरांनी सवयीने यादवांपासून सुरुवात केली. तिने सगळे ऐकून घेतले. "कशाचे यादव, मास्तर. माझ्या सासऱ्यानं रचली ही. कोकरांना लांडग्याचं भ्या होतं." मग आत रांगत जाऊन कोपऱ्यातला दगड सरकवला आणि मागून एक काळवंडलेले पितळी घुंगरू काढून सरांच्या हातावर ठेवले. "त्यांनीच ठेवलं होतं. राहू द्या तुमाला."

मी टोपण काढून पेन वहीवर टेकवले होते. सर घुंगराकडे बघत हळूच म्हणाले, "वहिनी, एवढं लिहू नका."

ते पान कोरे आहे. सरांचे गुडघे आता बांधापर्यंत जात नाहीत. घुंगरू त्यांनी काठीला बांधले आहे. परवा पुतण्या माझ्याकडे आला. "काकू, काकाचं ठरलं का काई?" लोणच्याच्या बरणीवरही खरी तारीख घालणारी मी म्हणाले, "अभ्यास चालू आहे." भिंतीपलीकडे घुंगरू वाजले. तो तिकडे कान देऊन जरा थांबला. "चालू द्या," म्हणाला, "घाई न्हाई."

तुम्ही आलात की सर तुम्हालाही एक बांधणारा सांगतील. तो वहीत नीट लिहून घ्या. पण लवकर या.