डबीतली दुसरी बाई

वडशात आमच्या नाटक कंपनीतली जुनी माणसं एकत्र बसली, की चहा येईपर्यंत धानाच्या भावावर बोलतात आणि चहा आला की डबीवर. गेल्या इतक्या वर्षांत या किश्श्यांची एवढी थप्पी लागली आहे, की कोणता कोणाचा हेही आता कळत नाही. काही तर माझ्या नावावर फुकटचे खपतात!

डबी म्हणजे माझं डिले पेडल. मी कंपनीत गिटार वाजवायचो. नव्वदीची शेवटची वर्षं होती. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी लोखंडी डबी, पायानं दाबली की आपला आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायची, दर वेळी थोडा कमी. एवढंच तिचं काम. पण एवढ्याशा वस्तूवर इतक्या लोकांनी संशय घेतला, की माणूस असती तर वैतागून गाव सोडून गेली असती.

●

पहिला संशय आमच्या मालकांचा. दामोदरभाऊ तिकीट काढून बसमध्ये बसले, तरी बस नक्की तिकडंच जाते ना, हे तिघांना विचारायचे. त्यांनी एकच पेडल मंजूर केलं होतं. डिले किंवा रिव्हर्ब, दोन्ही नाही. आणि निवडायला स्वतः माझ्यासोबत नागपूरला आले.

मला रिव्हर्ब हवा होता. दुकानदारानं तो लावला, मी एक सूर छेडला. मोठ्या हॉलमध्ये वाजल्यासारखा गोड, लांब आवाज! मी खूश. भाऊंचा चेहरा उतरला.

"बंद कर! आधी बंद कर ते!"

"काऊन भाऊ?"

"मंडप रिकामा असला का असाच आवाज येते! लोक बाहेरूनच ऐकतील अन् म्हनतील, आत कोनीच नाई, चला घरी!"

आमच्या धंद्यात ते खरंच होतं. मंडप गच्च भरला की माणसं आवाज पिऊन टाकतात. आवाज घुमला, की समजायचं आज खेळ पडला.

मग डिले. भाऊ माइकवर म्हणाले, "नमस्कार." डबी म्हणाली, नमस्कार, नमस्कार, नमस्कार. भाऊ वाकून काउंटरखाली बघू लागले.

"मी एकदाच म्हटलं. बाकीचे कोन म्हनून राह्यले?"

"कोणी नाही साहेब, मशीन आहे."

भाऊ काउंटरखालून वर आले. मग म्हणाले, "हेच द्या. यात मानसं तरी जास्त वाटतात!"

●

कंपनीचा साउंड रफीकभाई बघायचे. वडशात त्यांच्या घरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी डबी हातात घेतली, हलवली, वास घेतला आणि पाच मिनिटांत उघडलीसुद्धा. भाऊ मागं उभेच होते.

"एवढी मोठी डबी, अन् आत एवढंसंच सामान? बाकी जागा रिकामी काऊन ठेवली? फसवलं आपल्याले!"

रफीकभाई मान वर न करता म्हणाले, "भाऊ, आवाज को घूमने के लिए जगह तो लगेगी ना!"

भाऊंना पटलं. नंतर ते हेच कारण सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगायचे.

●

आमची तालीम एका राइस मिलच्या गोडाऊनमध्ये चालायची. छतापर्यंत धानाची पोती. तिथं ओरडलं तरी आवाज फिरून येत नसे, पोतीच गिळून टाकायची. रफीकभाईंनी माइकही डबीतून फिरवला आणि कुसुमबाईंना गायला सांगितलं.

कुसुमबाई आमच्या कंपनीचा प्राण. शेवटच्या अंकात एका श्वासात त्या अशी लांब तान घ्यायच्या, की लोक नाटकाचं नाव विसरायचे पण तान नाही. मात्र त्या वर्षी त्यांचा गळा कुरकुरत होता. आणि त्याच वर्षी भाऊंनी गोंडपिपरीकडून मंदा नावाची नवी पोरगी आणली होती, बहिणीच्या रोलसाठी. बहिणीच्याच रोलसाठी, असं भाऊ सारखं सांगायचे. त्यामुळे बाईंना ते अजिबात खरं वाटायचं नाही. पुढच्या हंगामात ती तान कोण घेणार, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं आणि प्रत्येकाच्या डोक्यात तोच होता.

बाईंनी पहिली ओळ म्हटली. मागून तीच ओळ आली, जरा बारीक आवाजात. बाई गर्रकन वळल्या.

"कोन गाऊन राह्यली माह्या मागं?"

"बाई, डबी आहे ती," मी म्हणालो.

"मले डबी शिकवू नको!" म्हणत त्या थेट पोत्यांच्या थप्पीच्या मागं गेल्या. तिथं मंदा पोत्यावर बसून मुरमुरे खात होती. तोंड भरलेलं.

"मी नाई जी बाई," असं ती कसंबसं म्हणाली. मुरमुरे उडाले.

बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गाते बी अन् खाते बी! पाह्य कशी तयार आहे!"

●

एकदा एटापल्लीकडं खेळ होता. जंगलातल्या नाक्यावर पोलिसांनी आमची जीप थांबवली. ते दिवसच नक्षल्यांच्या सुरुंगांचे होते, तारा दिसल्या की त्यांचे कान उभे राहायचे. इथं तर तारा, बॅटरी आणि लाल दिवा, सगळंच एका डबीत!

"हे काय आहे?" हवालदारानं चार पावलं लांबूनच विचारलं.

"आवाज लांबवायची डबी आहे जी."

"कोनाचा आवाज? कुठपर्यंत लांबवते?"

वाजवून दाखवा म्हणाले. आता डबीला स्वतःचा आवाजच नाही, वाजवणार काय? शेवटी रफीकभाईंनी जीपवरच्या प्रचाराच्या भोंग्याला डबी जोडली आणि माइक हवालदाराच्या हातात दिला. तो दबकत म्हणाला, "थांबा."

थांबा, थांबा, थांबा! सगळं जंगल थांबायला सांगू लागलं. मागून येणारा बांबूचा ट्रक थांबला. त्याच्या मागची बैलगाडी थांबली. एक सायकलवाला तर उतरून हात वर करून उभा राहिला!

हवालदाराच्या चेहऱ्यावरचा संशय कुठल्या कुठं पळाला. डबी परत देताना तो हळूच म्हणाला, "इथीच ठेवून जाता का?"

●

तुम्ही म्हणाल, मी एकटाच साधा. छे! वडशात शेजारी शेजारी नाटक कंपन्यांची ऑफिसं. दुसरे गिटारवाले "सहज आलो" म्हणत यायचे आणि नजर माझ्या डबीच्या बटणांवर. मी मंदाच्या नेलपॉलिशनं बटणांवर खुणा केल्या. मग वाटलं, या तर चोराला सोयीच्या झाल्या. म्हणून चार खोट्या खुणाही केल्या. आणि खऱ्या कोणत्या ते विसरलो!

त्या रात्रीच्या खेळात मी बटणं अंदाजानंच फिरवली. आमचा हीरो बापाच्या पाया पडून म्हणाला, "बाबा, मी निघालो." डबी थांबेचना. निघालो, निघालो, निघालो, निघालो... हीरो तिथंच वाकलेला, उठावं की नाही कळेना. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "अरे मंग जा ना बे!"

●

कुसुमबाईंचा तांब्या हा वेगळाच विषय. गाणाऱ्याला कोणी शेंदूर चारला तर आवाज कायमचा जातो, असं आमच्याकडं जुनी माणसं मानतात. बाईंना ते देवाइतकं खरं. म्हणून त्यांचा पितळी तांब्या कायम फडक्यानं बांधलेला. पाणी स्वतः भरणार, स्वतः झाकणार, जेवताना मांडीपाशी ठेवणार. भाऊंच्या घरीसुद्धा त्यांनी कधी पाणी घेतलं नाही.

मंदा नवी होती. एकदा बाईंना ठसका लागला म्हणून ती पाण्याचा गिलास घेऊन धावली. बाईंनी खोकत खोकतच गिलास उजेडात धरला, तळ बघितला, आणि सगळं पाणी तुळशीत ओतलं.

पुढं कितीतरी दिवस त्या त्या तुळशीकडं बघून यायच्या. तुळस चांगली फोफावली, तरी संशय जाईना!

●

आणि मग ती मंडळी आली.

हंगाम संपत आला होता, आणि बाईंच्या तानेचा शेवट आता रोज डबीच लांबवायची. गोंडपिपरीकडच्या एका गावचं मंडळ पुढच्या वर्षासाठी नाटक ठरवायला आलं. त्यांचे अध्यक्ष भाऊंच्याही वरताण. म्हणाले, "आम्ही ऐकलं, बाईचा आवाज आता सरला. तान मशीन घेते. आमाले मशीन नाई पायजे. बाई बिनमशीन गाऊन दाखवतील तर बोलू, नाई तर नवी बाई दाखवा."

भाऊंनी बाईंकडं बघितलं नाही, हे मला अजून आठवतं. मला त्यांचा फार राग आला.

बाई म्हणाल्या, "दाखवतो ना. चला गोडाऊनात."

दुपारची वेळ. रफीकभाईंनी माइक काढला, तारा गुंडाळल्या. तरी अध्यक्षांना भरवसा नाही. त्यांनी माझी डबी मागून घेतली, बॅटरी काढून स्वतःच्या खिशात टाकली, डबी उपरण्यात गुंडाळून मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवून बसले.

बाईंनी सुरुवात छान केली. पण त्या दिवशी गळा बसलेलाच होता, सकाळपासून दिसत होतं. तान वर चढली, लांबली, आणि अर्ध्यावर श्वास तुटणार हे मला त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळलं. बाईंनी डोळे मिटले.

आवाज तुटला नाही. तीच तान थप्पीच्या मागून पुढं निघाली, जरा बारीक. मग आणखी बारीक. मग अगदी डबीसारखी, विरत विरत. हंगामभर रोज ऐकून ऐकून पाठ झालेली.

मी जिथं बसलो होतो, तिथून पोत्यांच्या फटीतून मंदाची ओढणी दिसत होती.

अध्यक्षांनी मांडीवरच्या उपरण्याकडं बघितलं. डबीला कान लावला. खिसा चाचपला, बॅटरी जागेवर. मग सोबतच्या माणसाला म्हणाले, "बंद आहे बे! बाईचाच आवाज आहे!"

बाईंनी डोळे उघडले. मागं वळून मात्र बघितलं नाही. अध्यक्ष हात जोडत होते, भाऊ घाम पुसत होते, रफीकभाई उगाच तारा मोजत होते. बाई पोत्यावर बसल्या, बाजूचा तांब्या उचलला, त्याचं फडकं सोडून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आणि रिकामा तांब्या खांद्यावरून तसाच मागं, थप्पीच्या दिशेनं धरला.

"मंदा, पानी आन."