नंबर नसलेली कादंबरी

सिंधुबाई गांगुर्डे यांना कुठल्याही रहस्यकथेचा शेवट विचारा, त्या सांगणार नाहीत. ती कादंबरी कशी फसली आहे हे मात्र अर्धा तास सांगतील, उभ्या उभ्या.

आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत तीन कपाटांचं वाचनालय आहे. रविवारी वंदना आटोपली की सिंधुबाई ते उघडतात. वय एकाहत्तर, अंगकाठी शिडशिडीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं स्टेनो होत्या. साक्षीदारांचे जबाब टाईप करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पुस्तकांचीही नावं त्या घेत नाहीत. खटल्यासारखे नंबर सांगतात. "दोनशे सोळा नेऊ नकोस ज्योत्स्ना, पंचनामा एका पानात उरकलाय. आमच्याकडे पंच शोधण्यातच दुपार व्हायची."

वाचलेल्या प्रत्येक कादंबरीवर त्या एका जाड वहीत अभिप्राय लिहितात. ती वही टेबलावर असते, कोणीही वाचावी. त्यातले काही मला पाठ आहेत.

"नं. २३१. पहिल्या पानापासून नवऱ्यावर संशय. लेखकाची हिंमत किती, ते शेवटी कळेल."

"नं. १९८. गोष्ट सांगणारी बाईच खोटं बोलते आहे. उलटतपासात दहा मिनिटांत सापडली असती. लेखकाला तीनशे पानं लागली."

"नं. २४०. साक्षीदार तारीख, वार, वेळ घडाघडा सांगतो. तो खोटा आहे. खऱ्या माणसाला आधी आठवतं ते त्या दिवशी काय खाल्लं होतं ते."

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "मावशी, एवढे खटले ऐकलेत, एखादा सांगा ना."

"टाईप केलेलं बाहेर सांगायचं नसतं. आमचे हे जन्मभर विचारत राहिले, आज कोर्टात काय झालं. मी म्हणायचे, वरण वाढू का?"

"शेवटपर्यंत नाही सांगितलं?"

"शेवटपर्यंत वरणच वाढलं."

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा आधीच अधू. डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही, जिने चढायचे नाहीत असं बजावलं. तेव्हा माझी मुलगी तेजल रोज संध्याकाळी तासभर त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागली. तेजल इंजिनिअरिंगला, वीस वर्षांची. वहीतले अभिप्रायही त्या सांगायच्या आणि ती लिहून घ्यायची. पोरगी मोबाईल सोडून म्हाताऱ्या माणसापाशी बसते, याचं मला कौतुक वाटत होतं.

कौतुक वाटत होतं आणि काळजीही वाटत होती. काळजी मला कशाचीही वाटते. तेजलचे बाबा प्रफुल्ल मनमाडला रेल्वेत आहेत, रोज अप-डाऊन करतात. गाडी वीस मिनिटं लेट झाली तरी माझा जीव टांगणीला लागतो. पण त्या दिवसांतली काळजी वेगळी होती. तेजलचा डबा अर्धा परत यायचा. ती हसायची, पण उशिरा, आधी आमच्याकडे बघून. एकदा तिच्या ओढणीला कांद्याचं लाल सालपट चिकटलेलं दिसलं. कॉलेजात कुठले आले कांदे? कपाटातल्या रहस्यकथा मीही वाचलेल्या होत्या, त्यामुळे मी तपास सुरू केला. बॅगेच्या कप्प्यात पिंपळगाव बसवंतचं, म्हणजे कांद्याच्या मार्केटच्या गावचं, एसटीचं तिकीट मिळालं. सालपट अधिक तिकीट, माझं उत्तर तयार झालं. पिंपळगावचा कोणीतरी मुलगा.

मी सिंधुबाईंकडे गेले. त्या काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या, हातात लसूण सोलायला घेतलेला.

"मावशी, तेजलचं काहीतरी चाललंय. मुलगा आहे."

"नाव काय त्याचं?"

"ते नाही माहीत."

"मग आहे कशावरून?" मी सालपटाचं आणि तिकिटाचं सांगितलं. त्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "वाईट कादंबरीत शेवटी मुलगाच निघतो, ज्योत्स्ना. तू तिला विचारलंस?"

"रोज विचारते. आली की पहिलं विचारते, कॉलेज बरं झालं ना, सगळं ठीक आहे ना, डबा खाल्लास ना."

"तीन प्रश्न, तिन्ही सूचक. उत्तर तूच तिच्या तोंडात घालतेस. कोर्टात वकिलाला हरकत घेता येते. घरात कोण घेणार?" मग म्हणाल्या, "बी.ए.ला मानसशास्त्र होतं ना तुझं?"

मला राग आला. "तुम्हाला काही बोललीय का ती? ती रोज येते इथे. माहीत असेल तर सांगा."

काळ्या चष्म्यामागे काही दिसत नव्हतं. "दोनशे त्रेपन्न अर्धा झालाय आमचा," त्या म्हणाल्या. "खून कोणी केला ते मला कळलंय. तेजलला अजून नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या पोटच्या पोरीचं काहीतरी त्यांना माहीत होतं आणि त्या मला वरण वाढत होत्या. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्या दारावरून जाताना मान वळवली.

नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात सिंधुबाई. काळा चष्मा, कपाळावर घाम. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"मावशी, तुम्हाला जिने चढायला—"

"तेजल कुठंय?"

"आंघोळीला गेलीय."

त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. "शेवटचं पान वाच. आत्ता. गॅस बंद कर आणि वाच." आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. मी आधाराला पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला मागे लोटलं.

महिनाभराचे सगळे अभिप्राय तेजलच्या गोल अक्षरात होते. शेवटचा तेवढा सिंधुबाईंच्या हातचा, ओळी सोडून तिरका गेलेला. एका डोळ्याने लिहिलेला.

"नंबर नाही.

रहस्य : मुलगी रोज पावणेआठला डबा घेऊन घरून निघते. कॉलेजला जात नाही. जुलैत निकाल लागला, सहा विषय राहिले, वर्ष गेलं. घरी सांगितलेलं नाही. सीबीएस स्टँडवरून पिंपळगावच्या बसमध्ये बसते, उतरून दुसऱ्या बसने परत येते. दिवसातून दोन फेऱ्या. म्हणते, बसमध्ये कोणी काही विचारत नाही.

गुण : मुलगी खरं बोलते.

दोष : आईचं पात्र कच्चं. माया भरपूर, पण तिच्यासमोर वाईट बातमीला बसायला जागा नाही.

काल मुलगी म्हणाली, कधी वाटतं उतरूच नये, पुढे कुठे काही नसावं. हे वाक्य मी एकदा टाईप केलेलं आहे. जबाब वडिलांचा होता. मुलगा तेव्हा हयात नव्हता.

वाचणाऱ्याने हे उद्यावर टाकू नये."

न्हाणीघरात पाणी पडत होतं. मी तो आवाज ऐकत उभी राहिले. तो थांबला, मग कडीचा आवाज आला. मी वही डाळीच्या डब्यामागे सरकवली आणि पोळ्या तशाच टाकून साडी बदलली. तेजलने डबा घेतला. "आज काय गं, बाहेर जायचंय?" मी म्हटलं, "हो." पुढे काही म्हटलं नाही, आणि ते किती अवघड आहे हे मला तेव्हा कळलं.

ती निघाल्यावर दोन मिनिटांनी मी उतरले, रिक्षाने सीबीएस गाठलं. पिंपळगावच्या बसमध्ये ती उजवीकडे खिडकीशी होती. मी शेजारी बसले. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं, चुकलं, असं यायला नको होतं.

"आई?"

"मीही येते."

"कुठे?"

"बस जाईल तिथे."

कंडक्टरने तिकिटं दिली. आडगाव गेलं. माझ्या तोंडात प्रश्न नुसते उसळत होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'ना' होतं. मी पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली होती. ओझरला बरेच लोक उतरले. त्यापुढे कधीतरी ती खिडकीकडे बघत म्हणाली, "काल इथे मी बिस्किटचा पुडा खाल्ला. सगळा." मग रडायला लागली. पुढचं सगळं तिने पिंपळगावला स्टँडच्या बाकावर सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मधूनमधून डब्यातली पोळी मोडत. कांद्याची सालपटं आमच्या पायांत उडत होती. बस आणि बस यांच्यात तिथे जे काही ती मला म्हणाली त्यातलं सगळं मी इथे लिहिणार नाही.

मी स्टँडवरून फोन केला होता, त्यामुळे आम्ही घरी आलो तेव्हा प्रफुल्लही रजा टाकून आले होते. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेलो. अजूनही दर पंधरा दिवसांनी जातो. तेजल आता सकाळी अभ्यासिकेत जाते, राहिलेले विषय काढायचे आहेत.

पण सिंधुबाईंकडे ती गेली नाही. वहीत काय लिहिलं होतं ते मीच तिला सांगितलं, लपवायचं नाही असं ठरलं होतं म्हणून. ती म्हणाली, "मी त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं. त्यांनी शब्द दिला होता." मी म्हटलं, त्यांनी तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि दार लावून घेतलं.

सिंधुबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. एकतीस वर्षांत मी एक ओळ बाहेर नेली नव्हती." त्या बुधवारच्या जिन्यांनी असेल किंवा नसेल, त्यांचा डोळा पुन्हा लाल झाला आणि वाचायची बंदी वाढली. आता मी जाते वाचून दाखवायला. मला नीट जमत नाही. परवा त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तू नुसती खोलीत शिरतेस तेव्हाच कळतं की मढं सापडणार. घाबरू नकोस गं, वाच." निघताना मात्र त्या एकच प्रश्न विचारतात, रोज तोच. "काय खाल्लं आज तिने?"

तेजलला विचारूनच हे लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण मला बिचारी करू नकोस." आता साडेअकरा वाजलेत. ती झोपली आहे, म्हणजे मी दोनदा जाऊन बघितलं आहे. अजून एकदा जाईन. हे सुटलेलं नाही माझं.

आज संध्याकाळी ती अभ्यासिकेतून आली. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. चप्पल काढता काढता ती स्वतःहून म्हणाली, "दाबेली खाल्ली आज. दाणे खवट होते." मग पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. जरा वेळाने म्हणाली, "दोनशे त्रेपन्न संपला का गं त्यांचा?"

मी म्हटलं, "नाही. माझ्या वाचनाला कंटाळल्यात."

"कुठपर्यंत आलाय?"

"तू सोडला होतास त्याच्या पुढे चार पानं."

ती निवडलेल्या मेथीतली एक काडी उचलून चावत राहिली. मी काही विचारलं नाही.