सगुणाबाईचा लोकरीचा गुंडा

आमच्या शेजारच्या सगुणाबाईला एकटं राहायची सवय झालीय असं जो म्हणेल, त्याला मी तिच्या ओट्यावर एक दुपार बसवीन. असली सवय कुणाला होत नसते. नवरा गेला, मेंढरं विकली, एकुलता एक रामेश्वर जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला. राहिली ती आणि तिची टकळी.

जाताना रामेश्वर म्हणाला होता, "माय, हात चालतेत तोवर गावात ऱ्हा. काम होईना झालं की नेतोच मी तुला."

म्हातारी पडली मानी. "मला आत्ताच ने" हे तिच्या तोंडून मरेस्तोवर निघालं नसतं.

तिचा भाचा पुंजाराम दर आठवड्याला टोपलीभर लोकर आणून द्यायचा. ती कातायची आणि सूत एकाच गुंड्यावर गुंडाळायची, नातीच्या घोंगडीसाठी. तीर्थपुरीच्या बाजारादिवशी गुंड्याभोवती तीच एक दोरी लावायची, टोक फिरून जिथं भिडेल तिथं गाठ मारायची. आधी गाठी लांब लांब पडल्या, मग जवळ येऊ लागल्या. एक दिवस दोरी माझ्यापुढं धरून म्हणाली, "बघ गं, गुंडा वाढून न्हाई राह्यला. हात थकले माझे."

तोंडानं हळहळली, पण दुसऱ्याच दिवशी पेटीतली लुगडी काढून तिनं उन्हात घातली. मला काय कळत नव्हतं? तिला जायचं होतं.

दिवाळीच्या सुटीत रामेश्वर त्याच्या आकांक्षाला घेऊन आला. पोरगी दहावीत. जेवणं झाल्यावर सगुणाबाईनं दोरी बापलेकीपुढं टाकली. "हात चालंनात आता," एवढंच बोलली आणि रामेश्वरकडं बघू लागली.

आकांक्षानं गाठी पाहिल्या. "लोकर तेवढीच संपते ना गं आज्जी?"

"संपती की."

"मंग थांब." तिनं बादलीत गुंडा ठेवला, वरून काठोकाठ ज्वारी भरली, गुंडा काढला आणि बादली पुन्हा भरायला किती ज्वारी लागते ते दुधाच्या मापानं मोजलं. लिटरभर लागली. "हे गुंड्याचं घनफळ. तीननं गुणायचं, चार पायनं म्हंजे साडेबारानं भागायचं, घनमूळ काढलं की त्रिज्या." मोबाइलवर आकडा आला सहा सेंटिमीटर आणि वर थोडं. "आता सूत दुप्पट केलंस तरी आठसुद्धा भरत न्हाई. त्रिज्या दुप्पट व्हायला आठपट सूत पाह्यजे. गुंडा मोठा झाला की तेवढंच सूत वरून पातळ पसरतं. तुझे हात बिलकुल थकले न्हाईत!"

"मला वाटलंच," रामेश्वर खूश होऊन म्हणाला. "माय अजून ठणठणीत हाय."

पोरगी हुशार, वादच नाही. पण त्या घडीला मला तिचा असा राग आला म्हणता!

सगुणाबाईनं नातीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "गुणाची गं माझी बाई."

दुसऱ्या दिवशी दोघांना एसटीत बसवून आली. लुगडी पुन्हा पेटीत ठेवली, दोरी चुलीत घातली आणि टकळी घेऊन ओट्यावर बसली. मी जवळ जाऊन बसले. टकळीला पीळ देत म्हणाली, "आठपट म्हंजे लई दिवस झाले की गं."