न मोडलेला रॉड

सगळं जग लोखंडाच्या भरवशावर उभं असताना त्या लोखंडावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजींनी सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या एका पोलाद कारखान्यात, तपासणीच्या खोलीत काढली. तिथे काम एकच, नमुन्याचे तुकडे मोडायचे आणि मोडलेल्या तोंडावर भिंगातून दाणा पाहायचा. लोखंडालाही तांदळासारखा दाणा असतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. दाणा बारीक असला की लोखंड मजबूत. भट्टीत जास्त वेळ राहिलं की दाणा फुगतो आणि ते ठिसूळ होतं. पण भाऊजींना खरी धास्ती मिसळीच्या दाण्याची. "सगळाच जाडा असला तं माणूस सावध राह्यते," ते म्हणत. "बारकाईत एखादी जागा जाडी राह्यली, का तिथूनच तडकते. अन् वरून काही दिसत नाई."

निवृत्त होऊन ते मुलचेऱ्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा ही धास्तीही सोबत आली. कुणाच्या झोपाळ्यावर ते बसत नाहीत. पाहुण्याघरी खुर्ची पुढे केली की आधी तिचे पाय वाजवून पाहतात, मग सतरंजीवर बसतात. एकदा गडचिरोलीहून येताना बसच्या चाकावरचा कमानपाटा ऐन जंगलात तुटला. सगळे कंडक्टरच्या नावाने बोटं मोडत असताना भाऊजी भिंग घेऊन बसखाली शिरले आणि मोठ्या समाधानाने बाहेर आले. "पाहा, जाड्या दाण्याचा डाग. मी म्हनलो नोतो?" शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ, दाना राहू द्या, गाडी कवा जाते ते सांगा."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. गेल्या वर्षी ताई अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाडात स्टीलचा रॉड घालावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टरसाहेब, दोन मागवा. एक मी मोडून पाह्यतो, दुसरा घाला." तरुण डॉक्टर हसून म्हणाला, "काका, मोडलेला चांगला निघाला म्हणून घातलेलाही चांगलाच असेल कशावरून?" भाऊजी मला घेऊन उठले. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मला म्हणाले, "पोट्टा बरोबर बोलला. मी जनमभर जे तुकडे पास केले, ते समदे मोडलेले होते. लोकायनं जे वापरलं, ते मी पाह्यलंच नाई."

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. रॉड घालून घरी आलेली ताई पाऊल टाके तेव्हा ते श्वास रोखून कान देत. तिचा एक्स-रे खिडकीशी धरून त्याला भिंग लावत.

"काऊन पाहून राह्यले रोज रोज?" ताई वैतागे. "दाना दिसते का त्यात?"

"नाई दिसत."

"मंग ठेवा तो."

यंदा मोहफुलं पडू लागली तेव्हा मी तिथेच होतो. एका सकाळी पाहतो तर ताईची खाट रिकामी. आम्ही दोघे धावलो. घरामागच्या मोहाखाली ती टोपली घेऊन वाकली होती. मी हाक मारणार तेवढ्यात भाऊजींनी माझा दंड धरला. "दचकवू नको तिले." मग ते हळूच गेले, तिच्या पायाशी बसले आणि तिला वाकावं लागू नये म्हणून आजूबाजूची फुलं स्वतःच वेचू लागले.

ताईने वळूनही पाहिलं नाही. "मोडली का मी?"

"आज नाई," भाऊजी म्हणाले.

हल्ली मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करतो. कसा आहेस, जेवलास का, असलं काही ते विचारत नाहीत. फोन उचलतात आणि "आज नाई" एवढंच सांगतात. कधी उचलायला उशीर होतो. तेवढा वेळ मी घरात उभाच असतो, आणि ते दोन शब्द कानावर पडल्यावरच खुर्चीत बसतो.